साच्यातून नवा वेब-प्रकल्प उभा करताना: पहिल्या दिवसाची कामे आणि त्यांचा क्रम

काही वर्षांपूर्वी नागपुरातील कळमना बाजारातल्या एका संत्रा-अडत्यासाठी आम्ही हिशोबपट्ट्यांचे वेब-ॲप्लिकेशन तयार केले. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, की शेतकऱ्याला ईमेलने गेलेल्या पट्टीच्या तळाशी कुठल्याशा शिकवणीवर्गाचे नाव छापून येत आहे. तो शिकवणीवर्ग धरमपेठेतला, म्हणजे आमचाच आधीचा ग्राहक. घाईत मी जुन्या प्रकल्पाच्या फोल्डरची नक्कल केली होती आणि दिसेल तिथे नाव बदलून कामाला लागलो होतो. पडद्यावरचे नाव बदलले गेले. पीडीएफच्या तळाशी असलेले, ईमेल पाठवणाऱ्याच्या ओळखीतले आणि ब्राउझरच्या टॅबवरच्या चिन्हातले मात्र तसेच राहिले. त्यानंतर आम्ही जुने प्रकल्प उचलणे बंद केले आणि एक स्वतंत्र साचा, म्हणजे टेम्प्लेट, ठेवायला सुरुवात केली.

साच्यात काय काय असावे, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. साच्यातून प्रकल्प बाहेर पडल्यावर कोणते काम आधी आणि कोणते नंतर करावे, हा प्रश्न माझ्या मते त्याहून महत्त्वाचा आहे. महालातील चितारओळीत साच्यातून निघालेल्या मूर्तीच्या सांध्यावरची कड माती ओली असतानाच काढतात. वाळल्यावर खरवडायला गेले तर मूर्तीचा टवका उडतो. प्रकल्पाची माती पहिला खरा डेटा येईपर्यंतच ओली असते. म्हणून पुढील क्रम सोपे आधी आणि अवघड नंतर असा लावलेला नाही. जे नंतर बदलणे सर्वांत महाग पडते, ते शक्य तितके अलीकडे ओढले आहे. उदाहरणे जँगो या पायथन भाषेतील फ्रेमवर्कची, म्हणजे वेब-ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्याची, आहेत, कारण आमचे रोजचे काम त्यात चालते, परंतु बहुतेक गोष्टी कोणत्याही फ्रेमवर्कला लागू पडतात.

साचा कोणता घ्यावा

कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर कोणतीही रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास, टेम्प्लेट म्हणून जाहीर करण्याची सोय २०१९ पासून आहे. सेटिंग्जमध्ये एक खूण केली की त्या रिपॉझिटरीवर साचा वापरण्याचे बटण दिसू लागते. अनेकजण याऐवजी फोर्क, म्हणजे मूळ रिपॉझिटरीची जोडलेली नक्कल, करतात आणि दोन्ही एकच समजतात. फोर्कमध्ये मूळ रिपॉझिटरीचा संपूर्ण इतिहास येतो, तर साच्यातून तयार केलेल्या रिपॉझिटरीचा इतिहास एकाच नव्या कमिटपासून, म्हणजे नोंदवलेल्या बदलापासून, सुरू होतो. हा फरक किरकोळ नाही. जुन्या प्रकल्पात कोणी कधीकाळी पासवर्ड फाइलमध्ये लिहून नंतर ती फाइल काढून टाकली असेल, तरी इतिहासात तो पासवर्ड जसाच्या तसा असतो आणि फोर्कबरोबर नव्या ग्राहकाच्या हाती जातो.

दुसरा मार्ग प्रश्न विचारून प्रकल्प तयार करणाऱ्या साधनांचा आहे. कुकीकटर हे पायथनमधील साधन २०१३ पासून वापरात आहे. ते प्रकल्पाचे नाव, लेखकाचे नाव, डेटाबेस वगैरे विचारते आणि उत्तरे फाइलींमध्ये, फाइलींच्या नावांत आणि फोल्डरांच्या नावांतही भरते. कॉपिअर हे त्याच जातीचे साधन असून, दिलेली उत्तरे ते प्रकल्पातच एका फाइलीत जपून ठेवते आणि पुढे साचा सुधारला तर त्या सुधारणा जुन्या प्रकल्पात आणू शकते. वर्षाला एखादाच प्रकल्प सुरू होत असेल तर गिटहबचा साचा पुरेसा आहे. तीन-चार प्रकल्प एकाच वेळी सांभाळायचे असतील तर कॉपिअर शिकण्यात घालवलेला दिवस वाया जात नाही.

इंटरनेटवरचा तयार साचा घेणार असाल तर आधी परवाना पाहावा. परवान्याची फाइलच नसेल तर रिपॉझिटरी सार्वजनिक असूनही तिच्यातील कोड वापरण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. एमआयटी परवान्यात मूळ कॉपीराइटची सूचना कायम ठेवावी लागते, एवढे पथ्य पाळले की व्यावसायिक वापरास अडचण नसते. एजीपीएल परवान्याचा कोड बदलून नेटवर्कवरून सेवा देताना त्या सेवेच्या वापरकर्त्यांना बदललेला सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. ग्राहकाला हे आधी सांगितले नसेल तर पुढे अवघड प्रसंग ओढवतो.

त्यानंतर साचा किती जाड आहे ते पाहावे. लोकप्रिय सार्वजनिक साच्यांत पेमेंट, रांगेत लावायची कामे, तीन प्रकारचे लॉगिन आणि दोन ठिकाणी चढवण्याच्या सूचना असे सर्व काही असते, आणि त्यातील निम्मे काढून टाकण्यातच आपला पहिला आठवडा जातो. मी पातळ साच्याच्या बाजूचा आहे. ज्या फाइलीचे काम समजत नाही ती काढून पाहावी. ॲप्लिकेशन चालत राहिले आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर तिची सध्या गरज नव्हती, असे समजायला हरकत नाही.

पहिली पायरी: काहीही न बदलता चालवून पाहणे

प्रकल्प तयार झाल्यावर हात शिवशिवतात आणि आपण लगेच रंग व नाव बदलू लागतो. तसे करू नये. रिकाम्या फोल्डरात रिपॉझिटरी क्लोन करावी, म्हणजे तिची प्रत उतरवून घ्यावी, रीडमी या सूचनांच्या फाइलीतील आज्ञा एकेक करून जशाच्या तशा चालवाव्यात आणि पहिले पान ब्राउझरमध्ये दिसेपर्यंत एकही ओळ बदलू नये. एखादी पायरी अडली तर दोष साच्यात किंवा आपल्या संगणकावरील आवृत्तीत आहे, हे निःशंकपणे कळते. दहा बदलांनंतर अडली तर दोष कोणाचा, याचा शोध घेण्यातच संध्याकाळ जाते.

अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या आवृत्त्या पक्क्या करणारी लॉक फाइल साच्यात आहे ना, हेही याच वेळी पाहावे. नोडच्या, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टच्या, प्रकल्पात ही फाइल असताना 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' ही आज्ञा वापरली, तर लॉक फाइलीतील नेमक्या आवृत्त्याच बसतात, आणि ती फाइल व पॅकेजची यादी यांचा मेळ नसेल तर आज्ञा तिथेच थांबते.

दुसरी पायरी: नाव, आणि नाव जिथे जिथे लपते त्या जागा

नाव बदलण्याची तयारी साचा करतानाच करावी लागते. साच्यातील तात्पुरते नाव 'ॲप', 'टेस्ट' किंवा 'डेमो' असे ठेवले तर शोधा-आणि-बदला करताना 'ॲप्लिकेशन'सारख्या शब्दांच्या पोटातही बदल होतो. म्हणून तात्पुरते नाव असे असावे, की ते दुसऱ्या कोणत्याही शब्दात सापडणार नाही. आमच्या साच्यात ते 'झेडझेडसंत्रा' असे आहे. नाव हास्यास्पद आहे हे मान्य, पण त्यामुळेच ते चुकून राहून गेले तर डोळ्यांत खुपते.

नाव बदलल्यावर 'गिट ग्रेप' ही, बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिट या साधनाची शोध-आज्ञा लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता चालवावी. एकाच नावाची तीन-चार रूपे असतात: पायथनच्या पॅकेजमध्ये जोडरेघ चालत नाही म्हणून तिथे अधोरेखा असते, वेबपत्त्यात जोडरेघ असते, क्लासच्या नावात पहिले अक्षर मोठे असते आणि ग्राहकाला दिसणारे नाव देवनागरीत असते. ही तपासणी माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. कोड पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत एक ओळ घालावी, जी तात्पुरते नाव कुठेही सापडले तर संपूर्ण तपासणी अनुत्तीर्ण ठरवील. मात्र चित्रांत रेखाटलेली अक्षरे कोणत्याही शोधात सापडत नाहीत, त्यामुळे साच्यातील टॅबचे चिन्ह आणि लोगो मुद्दाम भडक गुलाबी रंगाचे रिकामे चौकोन ठेवावेत.

दोन जागा मात्र अशा आहेत, की तिथले नाव कोडमध्ये लिहिलेलेच नसते आणि म्हणून कोणत्याही शोधात ते सापडत नाही. पहिली जागा डॉकर कंपोझची, म्हणजे ॲप्लिकेशन, डेटाबेस वगैरे भाग वेगवेगळ्या कप्प्यांत (कंटेनरांत) एकत्र चालवणाऱ्या साधनाची. वेगळे सांगितले नसेल तर कंपोझ आपल्या प्रकल्पाचे नाव फोल्डरच्या नावावरून ठरवते. दोन ग्राहकांच्या प्रकल्पांत कंपोझची फाइल 'बॅकएंड' नावाच्या फोल्डरात असेल, तर दोघांच्या कंटेनरांची आणि डेटाबेस साठवणाऱ्या व्हॉल्यूमची नावे एकच होतात आणि एका प्रकल्पाच्या डेटाबेसवर दुसरा प्रकल्प जाऊन बसतो. कंपोझच्या फाइलीत प्रकल्पाचे नाव स्पष्ट लिहिणे हा एका ओळीचा उपाय आहे. दुसरी जागा कुकीची, म्हणजे संकेतस्थळासाठी ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीची. ब्राउझर कुकी जपताना पोर्टचा, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या क्रमांकाचा, विचार करत नाही. त्यामुळे एकाच संगणकावर एक प्रकल्प ८००० पोर्टवर आणि दुसरा ८००१ पोर्टवर चालत असेल आणि दोघांच्या, लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या, सेशन-कुकीचे नाव जँगोचे मूळचेच असेल, तर एकात लॉगिन केले की दुसऱ्यातून आपण बाहेर पडतो. या प्रकाराने आमच्याकडील एका नवख्या सहकाऱ्याची पूर्ण दुपार खाल्ली होती. साच्यात सेशन-कुकीचे नाव प्रकल्पाच्या नावावरून बांधले, की हा त्रास संपतो.

तिसरी पायरी: गुपिते

साच्यात एकही खरी किल्ली असता कामा नये. जँगो नवा प्रकल्प तयार करताना सेटिंग्जमध्ये एक गुप्त किल्ली लिहून देते आणि ३.२ आवृत्तीपासून तिच्या सुरुवातीला ती असुरक्षित असल्याचे शब्दही जोडते. ते शब्द काढून टाकून तीच किल्ली सर्व्हरवर नेणारे लोक मी पाहिले आहेत. पासवर्ड बदलण्यासाठी ईमेलने जाणाऱ्या दुव्यांची सही याच किल्लीने होते. साच्यातून निघालेल्या पाच प्रकल्पांची किल्ली एकच असेल, तर एका ग्राहकाकडून फुटलेली किल्ली उरलेल्या चौघांनाही उघडे पाडते.

योग्य व्यवस्था अशी, की सर्व गुपिते पर्यावरण-चलांतून, म्हणजे कोडबाहेरून दिल्या जाणाऱ्या सेटिंग्जमधून, वाचली जावीत, स्थानिक संगणकासाठी ती डॉट-ईएनव्ही फाइलीत असावीत आणि ती फाइल गिटने दुर्लक्षित करावयाच्या यादीत साच्यातच नोंदलेली असावी. तिच्या शेजारी नमुन्याची दुसरी फाइल ठेवावी, जिच्यात प्रत्येक चलाचे नाव असेल आणि किमतीची जागा रिकामी असेल. आवश्यक चल सापडले नाही तर ॲप्लिकेशनने सुरूच होऊ नये. सोयीसाठी ठेवलेली मूलभूत (डिफॉल्ट) किंमत हीच पुढे सर्व्हरवर जाऊन बसते. सर्व्हरवर नेण्यापूर्वी जँगोची 'चेक' आज्ञा 'डिप्लॉय' पर्यायासह चालवली, की राहिलेल्या ढोबळ चुका ती स्वतःच दाखवते.

चौथी पायरी: डेटाबेसची पहिली आज्ञा देण्याआधी

येथे सर्वांत सावकाश जावे, कारण पहिले मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसमध्ये सारण्या तयार करणे किंवा बदलणे, झाले की माती वाळायला लागते. जँगोमध्ये वापरकर्त्यासाठी आपले स्वतःचे मॉडेल (त्याच्या सारणीचा आराखडा) पहिल्या मायग्रेशनपूर्वीच ठरवावे, मग त्यात आज एकही जास्तीचा रकाना नसला तरी चालेल. नंतर ते बदलायचे म्हटले तर वापरकर्त्याशी जोडलेली प्रत्येक सारणी हाताने दुरुस्त करावी लागते. आपल्याकडील अनेक ग्राहकांना ईमेलपेक्षा मोबाइल क्रमांकाने लॉगिन हवे असते आणि ही मागणी साधारणपणे प्रकल्प अर्धा झाल्यावर येते, त्यामुळे हे मॉडेल आमच्या साच्यातच आहे.

पैशाची रक्कम दशांशाच्या नेमक्या प्रकारात किंवा रुपयांऐवजी पैसे मोजून पूर्णांकात ठेवावी, फ्लोटमध्ये, म्हणजे अंदाजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात, कधीही ठेवू नये. वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवावी आणि दाखवताना 'एशिया-कोलकाता' हा विभाग वापरावा. भारतात घड्याळे पुढे-मागे होत नाहीत म्हणून अनेकजण याकडे दुर्लक्ष करतात. परंतु आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे पाच वाजता झालेला सौदा यूटीसीप्रमाणे आदल्या दिवशी रात्री साडेअकरा वाजता झालेला असतो. दिवसाचा हिशोब काढणाऱ्या क्वेरीने तारीख यूटीसीवरून घेतली तर पहाटेची सगळी आवक कालच्या खात्यात जमा होते, आणि बाजाराचे काम पहाटेच सुरू होत असल्यामुळे हा दोष पहिल्याच दिवशी चव्हाट्यावर येतो. साच्यात 'आजचा दिवस' ठरवणारे एकच फंक्शन ठेवावे आणि सर्वांनी तेच वापरावे.

पाचवी पायरी: साच्याला मराठी शिकवणे

परदेशी साचे या बाबतीत काहीच मदत करत नाहीत, आणि म्हणूनच स्वतःचा साचा असण्याचे खरे कारण मला येथे दिसते.

शीर्षकावरून वेबपत्ता तयार करणारे जँगोचे 'स्लगिफाय' फंक्शन घ्या. त्याला 'नागपूर' हा शब्द दिला तर उत्तर रिकामे येते, कारण मूळ वर्तनात ते रोमन लिपीबाहेरचे सर्व काही गाळून टाकते. युनिकोडला, म्हणजे सर्व लिप्यांच्या संकेतप्रणालीला, परवानगी देणारा पर्याय चालू केला तर उत्तर येते 'नगपर'. पायथनची नियमित पदावली, म्हणजे मजकुरातील नमुने शोधण्याची पद्धत, काना आणि उकार यांना अक्षर मानत नाही, म्हणून व्यंजने राहतात आणि मात्रा गळून पडतात. साच्यात स्वतःचे छोटे फंक्शन लिहून, संयोगी चिन्हे ही अक्षरांचाच भाग आहेत असे त्यात सांगावे लागते.

अंकांचा घोळ याहून गमतीचा आहे. मराठी कीबोर्डवरून कोणी पिनकोडच्या जागी ४४००१० असे देवनागरीत लिहिले, तर पायथन त्याचा पूर्णांक बिनतक्रार करून देते, पण जावास्क्रिप्ट त्याच मजकुराला संख्या मानायला तयार होत नाही. म्हणजे सर्व्हरला चालणारी गोष्ट ब्राउझर नाकारतो आणि वापरकर्त्याला वाटते, की आपलेच काहीतरी चुकले. उलट दिशेने, जावास्क्रिप्टमध्ये संख्या मराठी-भारत या स्थानिकीकरणाने दाखवली तर ती देवनागरी अंकांत आणि लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह येते. पट्टीवर ते छान दिसते. मात्र तोच मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचायला गेलो की फसतो. आमचा नियम असा, की इनपुट आत येताच देवनागरी अंक इंग्रजी अंकांत (0 ते 9) बदलायचे, आत सर्वत्र इंग्रजी अंक ठेवायचे आणि देवनागरी रूप फक्त दाखवताना द्यायचे.

तिसरी अडचण 'वऱ्हाड' या शब्दाची. यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून, किंवा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेससाठी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची पद्धत, वापरूनही ते एक होत नाहीत. एका मोबाइलवरून नोंदवलेला 'वऱ्हाडी ठेचा' दुसऱ्या मोबाइलवरून शोधल्यास सापडत नाही, त्याचे कारण हे. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्ही वेळा एकाच रूपात बदल करणारे फंक्शन साच्यात असावे.

वर्णक्रमाचेही असेच आहे. युनिकोडच्या सांकेतिक क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढे आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीची क्रमवारी वापरता येते. मराठीची क्रमवारी लावून दहा-बारा नावांनी ती तपासून पाहावी. पीडीएफसाठी लायब्ररी निवडताना 'हिशोब', 'शिक्षण' आणि 'वऱ्हाड' एवढे तीन शब्द छापून पाहिले तरी पुरते. अक्षरजोडणी न करणाऱ्या लायब्ररीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात.

ही सर्व उदाहरणे आमच्या साच्यात चाचण्यांच्या एका फाइलीत आहेत. नव्या प्रकल्पात लायब्ररीची आवृत्ती बदलली आणि यातील काही मोडले, तर ग्राहकाआधी आम्हाला कळते.

सहावी पायरी: रिकामे पान सर्व्हरवर

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पहिल्या दिवसाच्या अखेरीस, फक्त प्रकल्पाचे नाव दाखवणारे पान खऱ्या सर्व्हरवर, खऱ्या डोमेनवर आणि एचटीटीपीएससह दिसले पाहिजे. डोमेन ग्राहकाच्या कोणत्या नातेवाइकाच्या खात्यात आहे, यासारख्या गोष्टी या वेळी उघड झाल्या तर निस्तरायला अवधी मिळतो.

साच्याकडे परत

प्रकल्प चालू असताना एखादी सुधारणा सुचली, की ती साच्यातही घालण्याचा मोह होतो. आम्ही ती लगेच घालत नाही. तीच गरज दुसऱ्या प्रकल्पातही पडली तरच ती साच्यात जाते, अन्यथा पातळ साचा दोन वर्षांत जाड होतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या याला अपवाद आहेत; त्या त्याच दिवशी जातात. साच्यातील सुधारणा जुन्या प्रकल्पात आणताना गिटहबच्या साच्याची मर्यादा जाणवते: दोन्ही रिपॉझिटऱ्यांचा इतिहास वेगळा असल्यामुळे गिट त्यांचे विलीनीकरण सरळ करत नाही, तसे मुद्दाम सांगावे लागते आणि मग संघर्षांचा, म्हणजे एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा, ढीग समोर येतो. कॉपिअरची शिफारस मी वर केली ती याच कारणासाठी. ते वापरायचे नसेल तर किमान साच्याचा आवृत्ती-क्रमांक प्रत्येक प्रकल्पात लिहून ठेवावा आणि साच्यात बदलांची नोंदवही ठेवावी.

वापर नसताना साचा शिळा होतो. त्यामुळे महिन्यातून एकदा त्याच्यापासून आपोआप एक तात्पुरता प्रकल्प तयार व्हावा, त्याच्या सर्व चाचण्या चालाव्यात आणि तो पुसला जावा, अशी व्यवस्था करून ठेवावी. आणि जेव्हा खरा प्रकल्प सुरू होईल, तेव्हा साचा बनवणाऱ्याने कीबोर्डला हात लावू नये. कार्यालयात सर्वांत अलीकडे आलेल्या सहकाऱ्याला रीडमी देऊन एकट्याला बसवावे, आणि तो जिथे अडून विचारायला येईल, ती राहिलेली ओळ रीडमीमध्ये त्याच्याच हातून लिहून घ्यावी.